आलो, आलो

१

आमची कंपनी कुलपं, कड्या, लॅच, दारावरच्या बेल आणि दारात बसवायची छोटी भिंगं बनवते. भिंग म्हणजे आतला माणूस डोळा लावून बाहेर कोण आलंय ते बघतो ते. कंपनीचं घोषवाक्य आहे, 'आत कोणीतरी आहे.' जाहिरातीत एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढते, कोपराने बेल दाबते, आतून पावलं ऐकू येतात आणि दार उघडण्याआधीच जाहिरात संपते. लोकांना ती फार आवडते.

जाहिरातींशी माझा संबंध नाही. बाहेरच्यांना पटवायला वेगळी माणसं आहेत, मी आतल्यांना पटवते. वाढदिवसाचे केक, सूचनाफलक, वार्षिक सभेत कोणाला कुठे बसवायचं, हे सगळं माझ्या गळ्यात. बाबा विचारायचे, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" मी सांगायचे की काम करणाऱ्यांना काम आवडेल असं बघते. ते म्हणायचे, "आमच्या वेळी त्यासाठी पगार द्यायचे."

नवे ब्रँडवाले साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांना कंपनीचं घोषवाक्य विचारलं. निम्म्या लोकांनी दुसऱ्याच कंपनीचं सांगितलं. साहेब चिडले नाहीत. त्यांना चिडता येत नाही, ते फक्त हळू बोलायला लागतात. हळू आवाजात ते मला म्हणाले, की ब्रँड भिंतीवर लावून उपयोग नाही, तो माणसाच्या अंगात मुरला पाहिजे. आपल्या लोकांना रोज सकाळी वाटलं पाहिजे, की आत कोणीतरी आपली वाट बघतंय.

म्हणून आम्ही एक दार बांधलं.

२

सुतारमामांनी ते ऑफिसच्या काचेच्या दरवाजाशेजारी, भिंतीला लागून उभं केलं. अगदी घराचं दार. चौकट, उंबरठा, पितळी कडी, बेल, भिंग, खाली बोटभर फट. फट साहेबांनी मुद्दाम मागून घेतली होती, खऱ्या दाराला असते म्हणून. दारामागे वीतभर पोकळी आणि लगेच भिंत. पोकळीत एक स्पीकर आणि भिंगातून घरातल्यासारखा पिवळा उजेड दिसावा म्हणून एक लहान दिवा. दार उघडण्यासाठी नव्हतंच. मामांनी ते खिळ्यांनी पक्कं ठोकून टाकलं आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा न उघडणारं दार केलं बघा. कटकट नाही, बिजागरीसुद्धा लागली नाही."

सकाळी आल्यावर आधी कार्ड लावायचं, मग या दाराची बेल वाजवायची. आतून आपल्याच घरच्या माणसाचा आवाज येणार, आणि मगच शेजारचा काचेचा दरवाजा उघडणार. त्यासाठी प्रत्येकाने एक संध्याकाळ आपल्या घराबाहेर उभं राहून बेल वाजवायची आणि आतून जे ऐकू येईल ते फोनवर टिपून मला पाठवायचं.

मीही टिपलं. घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांनी उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. दोरी ओढून घंटी मारायची, गाडी थांबवायची, पुन्हा मारायची, गाडी सोडायची. निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्याच्या घंटीवर चालत होते, असं तेच गमतीने म्हणायचे. माझ्याकडे किल्ली होती, पण मी ती कधी वापरली नाही. संध्याकाळी बेल वाजवायची आणि त्यांनी दार उघडायचं, ही आमच्या घरची रीत. मी एकदा किल्लीने आत आले होते, तेव्हा ते झोपेपर्यंत फुगून बसले होते.

त्यांचं दार उघडणं म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. आधी खुर्ची करकरायची. मग खोकला. मग पायाने चपला शोधणं आणि "कुठे गेल्या या" असं पुटपुटणं. एका चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, त्यामुळे तो पाय फरफटायचा. सर्र, टप. सर्र, टप. दाराशी आले की मग "आलो, आलो", आणि लॅचचा खटका.

साहेबांनी सगळे आवाज ऐकले आणि हळू आवाजात म्हणाले, की इतका वेळ दिला तर खाली रस्त्यापर्यंत रांग लागेल. शिवाय आपला ब्रँड खोकत नाही. प्रत्येक आवाज पाच सेकंदांत बसला पाहिजे.

मी कापायला बसले. कोणाची कुत्री कापली, कोणाच्या सासूची कुरकुर, कोणाचा "थांब, हात ओले आहेत". बाबांचेही तसेच कापले. खुर्ची, खोकला, पुटपुटणं, चपला, सगळं काढलं. उरले दोन शब्द आणि खटका. ऐकायला फार छान वाटलं. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे वाटले बाबा.

३

पहिल्या दिवशी लोक भारावून गेले. हिशेब विभागातल्या एका बाईंना आम्ही हिशेबताई म्हणतो. त्यांच्या लहान मुलाचा आवाज आला, "आई आली, आई आली," आणि त्या तिथेच डोळे पुसत उभ्या राहिल्या. मागच्याने हळूच सांगितलं, की ताई, दरवाजा उघडलाय, पुढे व्हा. साहेब कोपऱ्यात उभे राहून बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. वर्षभरात मला मिळालेली तेवढीच शाबासकी.

माझी पाळी आली. मी बेल दाबली. "आलो, आलो." खटका.

पण त्याआधी भिंग काळं झालं होतं.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाहेरून भिंगात फक्त उजेडाचा ठिपका दिसतो. आतून कोणी डोळा लावला की तो ठिपका विझतो. भिंग काळं म्हणजे आत माणूस उभा आहे.

मी तिथल्या तिथे ठरवलं की दिवा सैल असणार. दुपारी मामांना बोलावलं. त्यांनी बाजूची पट्टी उचकटून आत हात घातला, दिवा हलवून बघितला. तो घट्ट होता. स्पीकर जागेवर होता. त्यांनी हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि मग उगाच पुन्हा पुसला.

"आत माझा हातसुद्धा धड जात नाही," ते म्हणाले. "कोण उभं राहणार?"

मी तर काही विचारलंच नव्हतं. ते पट्टी ठोकून निघून गेले आणि नंतर बोलावलं की दुसरीकडच्या कामावर असल्याचं सांगायला लागले.

४

काही दिवसांनी जेवताना हिशेबताई म्हणाल्या, की मुलगा आता दाराशी धावत येत नाही. बेल वाजवली तर आतून काहीच नाही, मग नवराच उठून उघडतो. मुलगा तिथेच खेळत बसलेला असतो, मान वर करत नाही.

"मोठा झाला," त्या म्हणाल्या.

एवढ्या लवकर, असं कोणीतरी म्हणालं. ताई म्हणाल्या, मुलं काय, बघता बघता मोठी होतात. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं, आणि ऐकताना मलाही काही वाटलं नाही. त्या दिवसांत आम्हाला कोणाला फारसं काही वाटत नव्हतं. सकाळी दाराशी मन भरून यायचं, आणि मग दिवसभराचा कोटा संपल्यासारखं व्हायचं.

त्याच संध्याकाळी मी घरी बेल वाजवली. खुर्ची करकरली. खोकला आला. "कुठे गेल्या या." मग चपला. सर्र, टप. सर्र, टप. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चपला येतच होत्या. आमचं घर दोन खोल्यांचं आहे, खुर्चीपासून दार चार पावलांवर. सर्र, टप. मी पुन्हा बेल दाबली, तसं सगळं थांबलं आणि पुन्हा खुर्चीपासून सुरू झालं.

शेवटी पर्स उपसली आणि तळाशी गेलेली किल्ली काढली. दार उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, पाय अनवाणी.

मी विचारलं, बेल ऐकली नाही का. ते म्हणाले, "वाजली का?" मी किल्लीने आत आले याबद्दल ते काही बोलले नाहीत. ते फुगले असते तर मला बरं वाटलं असतं.

५

डॉक्टरांनी कान तपासले, गुडघे तपासले, साधे साधे प्रश्न विचारले. बाबांनी सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली, परीक्षेला बसल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, माणूस हळूहळू आत आत जातो. मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच बसले होते.

पण चपला सापडत नव्हत्या. खाटेखाली, न्हाणीघरात, गॅलरीत, कुठेच नाहीत. मी शोधत होते आणि बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मी नव्या आणल्या, मऊ तळाच्या. त्यांनी पाय घालून बघितले आणि काढून ठेवल्या. त्यानंतर त्या चपला भिंतीशी तशाच पडून राहिल्या. संध्याकाळी मी बेल वाजवली की आत जुनीच चप्पल फरफटत यायची, दारापर्यंत कधीच पोचायची नाही, आणि मी किल्लीने आत गेले की बाबा अनवाणी बसलेले असायचे.

मी स्वतःला समजावलं, की आवाज वरच्या मजल्यावरचा असेल. जुन्या इमारतीत आवाज कुठून कुठे जातात याचा नेम नसतो. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, हे मला आठवत होतं, तरी मी तेच समजावत राहिले.

एका संध्याकाळी आत गेले तेव्हा बाबांनी मान वळवून मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"कोणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला विचारावं तसं, अगदी सौम्यपणे. मी म्हणाले, "बाबा, मी." ते म्हणाले, "हो का, बसा." मी बसले. मग मी उठून भात लावला.

६

भात शिजत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की रोज संध्याकाळी मी जे ऐकते ते मी आधी कुठे ऐकलंय. खुर्ची, खोकला, पुटपुटणं, चपला. मी कापलेलं सगळं, त्याच क्रमाने. घरी तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक जेवायला गेल्यावर मी दाराच्या स्पीकरला जोडलेल्या यंत्रातून बाबांचा आवाज काढून टाकला. जागा रिकामी केली, दोनदा तपासली. सकाळी माझ्या बेलला काहीही उत्तर यायला नको होतं.

सकाळी बेल दाबली. भिंग काळं झालं. "आलो, आलो." खटका.

मग मी अख्खा मूळ आवाज चढवला, खोकल्यापासून खटक्यापर्यंत, काही न कापता. रांगेला उशीर झाला तर होऊ दे म्हटलं. पण दारातून आले ते दोनच शब्द, तरतरीत, आणि त्यांच्यामागे हलकंसं हसू. मूळ आवाजात ते कुठेच नव्हतं. मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा ऐकलं, नव्हतंच.

साहेबांना सांगायला गेले. काय सांगावं हे कळेना, म्हणून म्हणाले की दारात बिघाड आहे, काढून टाकू. साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. दार बसवल्यापासून कोणी उशिरा येत नव्हतं, कोणी दांडी मारत नव्हतं, आणि संध्याकाळी घरी जायची घाई कोणालाच नव्हती. मलाही नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. ते हळू आवाजात म्हणाले, "लोकांना इथे घरच्यासारखं वाटतंय. तुम्ही करून दाखवलंत."

मी आभार मानून बाहेर आले. तोंडून आपोआप निघून गेलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग मोठी होती. माझ्या पुढे हिशेबताई, मागे गोदामातले एक जाडे गृहस्थ. ताईंनी बेल दाबली, मुलगा ओरडला, काचेचा दरवाजा उघडला आणि त्या गेल्या. मी कार्ड लावायला गेले आणि ते हातातून निसटून उंबरठ्याशी पडलं. उचलायला वाकले.

दाराखालच्या फटीत पाय होते.

पिवळ्या उजेडात पलीकडे दोन पाय, चपला घातलेले. एका पट्ट्यावर काळी चिकटपट्टी. त्यांच्या शेजारी अगदी लहान, अनवाणी पाय, टाचा उचलून उभे. त्यांच्या मागे आणखी पाय, ओले, मोज्यांतले, सुजलेले, आणि त्यांच्याही मागे. जिथे वीतभर जागा आणि मग भिंत होती, तिथे बसच्या दारात उभे राहतात तसे सगळे दाटीवाटीने उभे होते. कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

मी सरळ उभी राहिले. किंचाळावंसं वाटलं नाही. आत कुठेतरी एक जागा असते जिथून किंचाळी येते, तिथे काही नव्हतं. मी बेल दाबली.

"आलो, आलो."

मी दाराला तोंड लावून म्हणाले, "बाबा, घरी चला."

मग ते बोलले, त्यांच्या रोजच्या आवाजात, दाराला टेकून बोलावं तसं. "इथे बरं आहे गं. सकाळपासून कोणी ना कोणी येत असतं. तिकडे अख्खा दिवस बसायचं, आणि बेल एकच. तीही संध्याकाळी."

"मी लवकर येत जाईन."

"म्हणायचीस तू तसं," ते म्हणाले. रागाने नाही. सुट्टे नसलेल्या माणसाला राहू दे म्हणावं तसं.

मला रडायला हवं होतं. रडू आलं नाही.

"दार उघडा ना," मी म्हणाले.

खटका झाला. दार उघडलं नाही, त्याला बिजागरीच नव्हती. शेजारचा काचेचा दरवाजा तेवढा सरकला. गोदामातले गृहस्थ मागून म्हणाले, "झालं का तुमचं? माझी आई थांबलीये."

मी आत गेले.

८

त्या दिवशी मी दुपारीच निघाले. लवकर येईन म्हटलं होतं. इतक्या महिन्यांत उन्हं असताना मी आमचा जिना पहिल्यांदाच चढत होते. कठड्यावर ऊन होतं, आणि आमच्या दारातल्या भिंगात खोलीतल्या उजेडाचा ठिपका दिसत होता. ते भिंग आमच्याच कंपनीचं, कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळालेलं.

बेल दाबली. खुर्ची. खोकला. "कुठे गेल्या या." सर्र, टप.

मी किल्ली काढली, पण लावली नाही. कान देऊन ऐकत राहिले. सर्र, टप. नेहमीच्या जागेपाशी आवाज आला आणि या वेळी मी बेलला हात लावला नाही. रोज मी तिथेच कंटाळून पुन्हा बेल दाबत होते. सर्र, टप. खूप वेळ लागला. शेजारणीचं दार उघडलं, मिटलं. पायाला मुंग्या आल्या. मी कशाचीच घाई केली नाही. सर्र.

चपला दाराशी येऊन थांबल्या.

भिंग काळं झालं.

मी त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिले. पलीकडे श्वास होता, जरा घरघर असलेला, खोकल्यानंतर असतो तसा. आता फक्त दोन शब्द आणि एक खटका हवा होता. तेवढंच इथे नव्हतं. ते मी स्वतःच्या हाताने कापून तिकडे नेलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "मी आले."

श्वास चालू राहिला. डोळा भिंगावरून हलला नाही.

किल्ली माझ्या हातात होती. मला माहीत होतं, ती फिरवली की आत चार पावलांवर खुर्ची असेल, आणि खुर्चीत अनवाणी बसलेले ते मला विचारतील, कोणाकडे आलात. दार बंद आहे तोवर ते दाराशी उभे होते, माझ्यासाठी उठून आलेले.

ऊन कठड्यावरून उतरून भिंतीवर गेलं. मग आतून चपला मागे वळल्या. सर्र, टप. भिंगात पुन्हा उजेडाचा ठिपका आला. खुर्ची करकरली.

मी किल्ली पर्सच्या तळाशी टाकली आणि पुन्हा बेल दाबली.